पाण्यातून हायड्रोजन आणि स्वस्त उत्प्रेरकाची परीक्षा



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही स्नेह्यांनी मला विचारले, "तुमचे आयुष्य कामगारांच्या मागण्या आणि करार यांत गेले. तुमचा आणि रसायनशास्त्राचा संबंध काय?" संबंध आहे. आज ज्या पदार्थांविषयी मी बोलणार आहे, ते स्वतः न झिजता दुसऱ्याचे काम घडवून आणतात, असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. कोणी न झिजता काम करतो, हे विधान कामगार चळवळीतल्या माणसाने तपासल्यावाचून मान्य करता कामा नये. मी पदवीधर नाही. रात्री पुस्तके वाचली, अडले तेथे जाणत्यांना विचारले, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो आहे.

हायड्रोजन हवा कशाला?

ज्याला आपल्याकडील जुन्या पुस्तकांत उज्जवायू म्हणत, तोच हायड्रोजन. तो जाळला की धूर होत नाही, पाणी होते. एवढ्यावरून त्याला उद्याचे इंधन म्हणतात. परंतु तो आजही फार मोठ्या प्रमाणावर वापरला जातो, हे आपल्या ध्यानात नसते. जगात दरवर्षी साडेनऊ कोटी टनांहून अधिक हायड्रोजन लागतो. त्याचा मोठा भाग तेल शुद्ध करण्यासाठी आणि अमोनिया, म्हणजे पर्यायाने युरिया खत, बनवण्यासाठी खर्ची पडतो. शेतकरी युरियाची गोणी खांद्यावर घेतो, तेव्हा तिच्यामागे हायड्रोजन उभा असतो. आपल्याकडे ट्रॉम्बेला आणि थळला खताचे कारखाने आहेत, तेथेही अमोनिया नैसर्गिक वायूपासून निघालेल्या हायड्रोजनवरच होतो.

अडचण येथेच आहे. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना सुमारे नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशापासून काढला तर त्याहून पुष्कळ अधिक. शिवाय आपल्याला लागणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा परदेशातून येतो. तिकडे युद्ध झाले की भाव चढतो, आणि त्याचा भार खताच्या अनुदानावर, म्हणजे तुमच्या-माझ्या करावर पडतो. पाण्यातून विजेच्या साह्याने हायड्रोजन काढला, आणि ती वीज ऊन-वाऱ्याची असली, तर ही दोन्ही दुखणी कमी होतील. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. तिची तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. पैसा सार्वजनिक आहे, तेव्हा तो कशावर खर्च होतो हे समजून घेणे आपले कर्तव्य ठरते.

ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. पंजाबात नांगल येथे १९६० नंतरच्या काळात भाक्रा-नांगलच्या विजेवर पाणी फोडून खतासाठी हायड्रोजन काढत असत. त्याच्याच आधाराने तेथे १९६२ मध्ये देशातला पहिला जड पाण्याचा कारखाना सुरू झाला. पुढे वीज इतर कामांना हवीहवीशी झाली आणि ही पद्धत मागे पडली. नांगलचा धडा लक्षात ठेवावा : पाणी फोडण्याच्या धंद्यात खरा कच्चा माल वीज आहे.

विजेचा हिशेब

१८०० साली व्होल्टाने विजेची घटमाला बनवली आणि त्याच वर्षी इंग्लंडात निकल्सन व कार्लाइल या दोघांनी तिच्या तारा पाण्यात बुडवल्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले, दुसऱ्या तारेच्या बाजूला ऑक्सिजन गेला. आजची कारखान्यातली घटपेटी तत्त्वतः तीच आहे. पाण्यात दोन पट्ट्या असतात. त्यांना विद्युदग्रे म्हणतात. ऋण पट्टीवर हायड्रोजन आणि धन पट्टीवर ऑक्सिजन निघतो, आणि दोन्ही वायू मिसळून स्फोट होऊ नये म्हणून मध्ये पडदा असतो.

शास्त्राच्या हिशेबाने पाणी फोडायला १.२३ व्होल्ट विद्युत्दाब पुरेसा आहे. प्रत्यक्ष कारखान्यात १.८ ते २ व्होल्ट लावावा लागतो. या जादा दाबाचा एक हिस्सा द्रावणाच्या आणि पडद्याच्या विरोधात खर्च होतो. दुसरा हिस्सा विद्युदग्रांच्या पृष्ठभागावर, कारण तेथे ही क्रिया आपण होऊन वेगाने चालत नाही, तिला ढकलावे लागते. त्यातला पुष्कळसा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो.

आता त्रैराशिक मांडू. १.८ व्होल्टवर एक किलो हायड्रोजनला सुमारे ४८ युनिट वीज लागते, २ व्होल्टवर सुमारे ५३. म्हणजे दाब एक दशांश व्होल्टने खाली आणला, तर किलोमागे अडीच युनिटांहून थोडी अधिक वीज वाचते. ५० लाख टनांवर ही बचत वर्षाला सुमारे १,३०० कोटी युनिट होते. युनिटचा भाव पाच रुपये धरला तर साडेसहा हजार कोटी रुपये, तेही दरवर्षी. एका दशांश व्होल्टची किंमत ही अशी आहे. हा दशांश व्होल्ट वाचवण्याचे काम उत्प्रेरकाचे.

मध्यस्थ कसा असावा?

उत्प्रेरक ही संज्ञा स्वीडनच्या बर्झेलियसने १८३५ मध्ये वापरात आणली. लग्न जुळवणारा मध्यस्थ डोळ्यांसमोर आणा. तो दोन्हीकडच्यांना आपल्या ओसरीवर बसवतो, बोलणी घडवतो आणि स्वतः मोकळा राहतो. ऋण पट्टीवर असेच होते. पाण्यातला हायड्रोजनचा अणू पट्टीच्या पृष्ठभागाला चिकटतो, शेजारी दुसरा येतो, दोघांची जोडी जमते आणि ती बुडबुडा होऊन निघून जाते.

येथे नाजूक गोष्ट अशी की, पृष्ठभागाने अणूला धरावे तर नीट, पण घट्ट नको. धरलेच नाही तर अणू बसणार नाही. फार घट्ट धरले तर जोडी ओसरीवरच अडकून राहील आणि पुढच्या पाहुण्यांना जागा उरणार नाही. हे तत्त्व फ्रान्सच्या साबातिये या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. सर्व धातूंत ही धरण्या-सोडण्याची बेताची पकड प्लॅटिनमची आहे. ऑक्सिजनची बाजू त्याहून अवघड. तेथे चार इलेक्ट्रॉनांची देवघेव व्हावी लागते आणि परिस्थिती इतकी जाळणारी असते की बहुतेक धातू विरघळून जातात. आम्लयुक्त पडद्याच्या आधुनिक घटपेटीत तेथे टिकतो तो मुख्यतः इरिडियम.

आणि इरिडियम म्हणजे नाकापेक्षा मोती जड! साऱ्या जगात तो वर्षाला सात-आठ टनच निघतो, त्यातला पाचात चार हिस्से एकट्या दक्षिण आफ्रिकेतून, प्लॅटिनमच्या खाणींत जोडउत्पादन म्हणून. आजवरच्या पद्धतीने एक गिगावॅट क्षमतेच्या अशा घटपेट्यांना तीनशे ते पाचशे किलो इरिडियम लागतो. दहा गिगावॅट उभे करायचे तर जगाच्या एका वर्षाच्या उत्पन्नाचा निम्मा भाग त्यातच संपेल.

त्या खाणींविषयी मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत मारिकाना येथे प्लॅटिनमच्या खाणीतले खडक फोडणारे कामगार महिना १२,५०० रँड वेतन मागत होते. १६ ऑगस्ट २०१२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले ३४ जण मरण पावले. त्या आठवड्यात त्याआधीही दहा माणसे मेली होती. उत्प्रेरक झिजत नाही, हे विधान घटपेटीच्या आत खरे असेलही. पण तो धातू जमिनीतून वर काढणारा माणूस झिजतो. तेव्हा दुर्मिळ धातूची गरज कमी करणे हा पैशाइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे.

एक जुना दाखला

दुर्मिळाच्या जागी साधा धातू बसवता येतो काय? येतो, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला खताच्याच धंद्यात आहे. १९०९ मध्ये जर्मनीत हाबर यांनी हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया बनवून दाखवला. त्यांचा उत्प्रेरक होता ऑस्मियम, आणि त्या धातूचा जगातला साठा शंभर किलोंच्या आसपास मानला जाई. एवढ्यावर जगाचे खत कसे व्हायचे? बीएएसएफ कंपनीत मिटाश आणि त्यांचे सहकारी चिकाटीने कामाला लागले. काही वर्षांत त्यांनी सुमारे अडीच हजार निरनिराळे पदार्थ घेऊन साडेसहा हजार चाचण्या केल्या. उत्तर सापडले स्वीडनच्या एका लोखंडी खनिजात. शुद्ध लोखंड नीट चालेना, हे खनिज मात्र चाले. कारण त्यातली अशुद्ध द्रव्येच लोखंडाला मदत करीत होती. मग थोडे अॅल्युमिना आणि थोडे पोटॅश मुद्दाम मिसळून लोखंडाचा उत्प्रेरक तयार झाला आणि १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. शंभरांहून अधिक वर्षे लोटली, जगातला बहुतेक अमोनिया आजही लोखंडाच्याच उत्प्रेरकावर होतो.

सूक्ष्माची करामत

आज तोच शोध पाण्यासाठी चालला आहे आणि त्यात नॅनो हा शब्द वारंवार येतो. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. इतके बारीक करून लाभ काय? उत्प्रेरकाचे काम पृष्ठभागावर चालते. आतले अणू नुसते बसून असतात. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. अशी साडेचार मैदाने त्या साखरेच्या खड्याएवढ्या धातूतून पसरता येतील. धातू तेवढाच, कामाला लागलेले अणू मात्र लाखो पटींनी अधिक.

दुसरा लाभ कडांचा. आपल्यापैकी जे कारखान्यात फिटर असतील त्यांना काळे मॉली ग्रीस ठाऊक आहे. त्यातली काळी पूड म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. तिचे पापडासारखे थर एकमेकांवर घसरतात, म्हणून ती वंगणाला उपयोगी पडते. मोठ्या स्फटिकाच्या रूपात ती हायड्रोजनसाठी निकामी ठरली होती. परंतु काही सूक्ष्म जीव लोह, मॉलिब्डेनम आणि गंधक यांच्या जोरावर हायड्रोजनशी सहज व्यवहार करतात, या धाग्यावरून २००५ मध्ये डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले की, या पापडाचा सपाट भाग आळशी असला तरी त्याची कड कामाची असावी. २००७ मध्ये प्रयोगाने ते सिद्ध झाले : हायड्रोजन कडेच्या लांबीच्या प्रमाणात निघतो, पृष्ठफळाच्या नव्हे. पापडाचा चुरा केला की कडा वाढतात. तेव्हापासून या पुडीचे असंख्य प्रकार पुढे आले. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. सी. एन. आर. राव यांच्या गटाने ही पूड नायट्रोजनयुक्त ग्राफीनशी जोडून प्रकाशाच्या साह्याने हायड्रोजन काढण्याचे प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकेत निकेल आणि फॉस्फरस यांच्या संयुगाचे नॅनोकणही या कामात चांगले ठरले.

ऑक्सिजनच्या बाजूसाठी आम्ल सोडून अल्कलीचा, म्हणजे कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाचा, मार्ग धरावा लागतो. तेथे निकेल टिकतो. जुन्या घटपेट्यांत निकेलचाच वापर असे. निकेलमध्ये लोखंडाचा अंश गेला की काम सुधारते, हे १९८७ मध्ये नोंदले गेले होते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी द्रावणातले लोखंड कसोशीने काढून टाकले आणि पाहिले, तर शुद्ध निकेलचे तेज उतरले! इतकी वर्षे निकेलच्या नावावर जमा झालेले बरेचसे काम द्रावणातून गुपचूप आलेल्या लोखंडाने केले होते. हजेरीपटावर नाव एकाचे आणि घाम दुसऱ्याचा, हा प्रकार आम्हा मंडळींना नवा नाही. अणूंच्या जगातही तो निघाला. आज निकेल आणि लोखंड यांचे पातळ थरांचे संयुग अल्कलीतला स्वस्त आणि उत्तम उत्प्रेरक म्हणून ओळखले जाते.

प्रयोगशाळा आणि कारखाना

मग गाडे अडले कोठे? वर्तमानपत्रात मधूनमधून मथळा येतो की, प्लॅटिनमला पर्याय सापडला. अशा मथळ्यांपुढे काही प्रश्न ठेवावेत.

पहिला प्रश्न, किती तास? प्रयोगशाळेतली चाचणी पुष्कळदा शंभरेक तासांची असते, म्हणजे चार दिवसांची. कारखान्यातल्या घटपेटीने साठ ते ऐंशी हजार तास, म्हणजे सात ते नऊ वर्षे अखंड काम करावे अशी अपेक्षा असते. चार दिवसांच्या हंगामी कामावरून कायम नोकरीची लायकी ठरत नाही. नॅनोकण बारीक म्हणूनच गुणी असतात आणि बारीक म्हणूनच अस्थिर. पिठाच्या गुठळ्या व्हाव्यात तसे ते एकमेकांना चिकटतात, बुडबुड्यांच्या धक्क्याने पट्टीवरून सुटतात, काही विरघळतात. म्हणून आता पूड चिकटवण्याऐवजी स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलवरच हे थर वाढवतात.

दुसरा प्रश्न, किती प्रवाहावर? प्रयोगशाळेत चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर हे रूढ माप आहे. कारखान्यात त्याच्या वीस ते दोनशे पट प्रवाह असतो. सावलीत पावशेर ओझे उचलणाऱ्याने भर उन्हात गोणी उचलेन असे म्हणावे, तसा हा दावा होतो. शिवाय ऊन-वाऱ्याची वीज येते-जाते. घटपेटी बंद पडताना उलटा प्रवाह वाहतो आणि तो पट्ट्या कुरतडतो. रोज संध्याकाळी बंद होऊन सकाळी सुरू होणारी पेटी किती टिकते, हे वेगळे पाहावे लागते.

तिसरा प्रश्न, काम खरोखर याचेच काय? चाचणीत दुसरी पट्टी प्लॅटिनमची असली, तर तिचे सूक्ष्म अंश विरघळून समोरच्या स्वस्त उत्प्रेरकावर बसू शकतात. मग दिवसेंदिवस त्याची प्रकृती सुधारत गेल्यासारखी दिसते आणि शाबासकी भलत्यालाच मिळते. प्रामाणिक शास्त्रज्ञांनीच ही खोड उघड केली आणि अशा चाचणीत प्लॅटिनमची पट्टी वापरू नये असा इशारा दिला, ही शास्त्राची थोरवी होय.

चौथा प्रश्न, स्वस्त कोणासाठी? कोबाल्टही स्वस्त पर्यायांच्या यादीत असतो. पण जगातला बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतो आणि तेथल्या लहान खाणींत मुले राबतात, हे जगजाहीर आहे. निकेलची संयुगे श्वासावाटे गेली तर कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने निःसंशय मानले आहे. पूड जितकी बारीक तितकी ती फुप्फुसात खोल जाते. अॅस्बेस्टॉस आणि सिलिकाच्या धुळीने आपल्या देशात किती माणसांचे श्वास कोंडले, हे मी संघटनेच्या कचेरीत बसून पाहिले आहे. औषधोपचाराच्या पावत्या आणि भरपाईचे अर्ज यांच्या रूपाने ती धूळ वर्षानुवर्षे मागे लागते. म्हणून नॅनोपुडीचे कारखाने उभे राहण्यापूर्वीच बंद यंत्रे, धूळ ओढणारे पंखे आणि कामगारांची नियमित तपासणी यांचे नियम ठरले पाहिजेत. नंतर ठरवू म्हणणाऱ्यांचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे.

स्वस्त कशाला म्हणावे?

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे म्हण आहे, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. येथे उत्प्रेरक कोंबडी आणि वीज मसाला. हायड्रोजनच्या खर्चात मोठा वाटा विजेचा असतो. एखादा उत्प्रेरक फुकट मिळाला, पण त्याने दोन दशांश व्होल्ट जास्त खाल्ले, तर किलोमागे पाच युनिटांवर वीज रोज वाया जाईल आणि थोड्याच काळात तो सोन्याहून महाग पडेल. दर दोन वर्षांनी पेटी उघडून पट्ट्या बदलाव्या लागल्या, तरी तेच. याउलट, निकेल-लोखंडाचा एखादा थर कमी दाबावर आठ वर्षे टिकला आणि बनवणाऱ्याच्या फुप्फुसाला त्याने धक्का लावला नाही, तर त्याची किंमत ग्रॅममागे थोडी अधिक असली तरी तो स्वस्तच म्हटला पाहिजे. ग्रॅमचा भाव पाहून स्वस्ताई ठरवणारा माणूस, मजुरीचा दर पाहून कामाची किंमत ठरवणाऱ्या ठेकेदारासारखाच फसतो.

अल्कलीचे निकेल आणि आम्लाच्या पेटीचा पातळ पडदा या दोहोंचा लाभ एकत्र करणाऱ्या घटपेट्याही आता येत आहेत. त्यांत दुर्मिळ धातू टाळता येतात. त्या पडद्याचे आयुष्य वाढवणे हे पुढचे मोठे काम आहे. मिटाश यांच्या साडेसहा हजार चाचण्या आठवल्या, तर हे काम अशक्य वाटू नये. त्याला हुशारीइतकीच लागते ती चिकाटी आणि खोटे श्रेय न घेण्याची सवय.

आपल्या जिल्ह्यात उद्या असा कारखाना येईल, उद्घाटनाचे फलक लागतील. तेव्हा आपण सभेत उभे राहून विचारावे : किती व्होल्ट, किती तास, धातू कोठला, आणि पूड हाताळणाऱ्याच्या श्वासाची काळजी कोण घेणार? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. ज्यांना त्यांची उत्तरे देता येतील, त्यांना सार्वजनिक पैसा अवश्य द्यावा.